जुनं कंबाईन मशीन पुन्हा कामाला लावताना: आधी शाफ्ट, शेवटी रंग

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या बंद गाळ्यातून किंवा रबाळे-तुर्भेकडच्या जुन्या मशिनरीवाल्याकडून लाकूडकामाचं कंबाईन मशीन घेतलं की बहुतेक जण पहिल्यांदा पॉलिश पेपर आणि रंगाचा डबा आणतात. मशीन हिरवंगार दिसायला लागतं, मग मोटर जोडून बटण दाबलं जातं. रंध्यातून फळी वाकडी निघते, करवत लाकूड मागे फेकते, बेअरिंग कोकलतं. दुरुस्तीसाठी सगळं पुन्हा खोलावं लागतं आणि नवा रंग पान्याने सोलून निघतो. कामं बहुतेक सगळी होतात, पण ती चुकीच्या क्रमाने होतात.

इथे ज्या मशीनबद्दल लिहितो आहे ते आपल्याकडे सर्रास मिळणारं: बिडाचं अंग, वर रंध्याची दोन टेबलं, मध्ये कटर ब्लॉक (रंध्याची पाती बसवलेला फिरणारा लोखंडी ठोकळा), तो ज्या शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, फिरतो त्याच्याच एका टोकाला गोल करवत आणि दुसऱ्या टोकाला ड्रिल चक व मॉर्टाइझसाठी, म्हणजे लाकडात खाच पाडायला, सरकतं टेबल. लाकूड ज्या टेबलावरून पात्यांकडे जातं त्याला मी पुढचं टेबल म्हणतो, कापल्यावर ते ज्यावर उतरतं ते मागचं टेबल.

या मशीनमध्ये प्रत्येक माप शाफ्टवरून घेतलं जातं. मागचं टेबल शाफ्टला समांतर, पुढचं टेबल मागच्याला समांतर, गाईड (लाकूड जिला टेकवून सरकवायचं ती उभी पट्टी) टेबलाला काटकोनात, करवतीचं टेबल करवतीच्या पात्याला काटकोनात. शाफ्टच हलत असेल तर यातलं एकही माप टिकत नाही. म्हणून खालचा क्रम बदलू नका.

## टप्पा १: पैसे देण्याआधीची तपासणी

सोबत टॉर्च, खडू, थोडं रॉकेल, गुण्या, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) आणि शक्य असेल तर डायल गेज (किंचित हालचालही काट्यावर दाखवणारं) न्या.

आधी भेगा शोधा. बेअरिंग ज्यात बसतात ती घरं, टेबलाखालचे कान, बोल्टच्या भोकांभोवतीची जागा आणि पुलीच्या काड्या या चार ठिकाणी बीड फुटतं. संशय असेल तिथे रॉकेल लावा, दोन-चार मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडू घासा. भेग असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर रेघ काढतं. टेबलाच्या कोपऱ्यातला टवका चालतो, गाईडचा कान तुटला असेल तर निकेल रॉडने जोडून मिळतो. बेअरिंगच्या घराला भेग असेल तर मशीन सोडून द्या. चार-साडेचार हजार आरपीएमने फिरणारा ब्लॉक वेल्डिंगच्या भरवशावर ठेवायचा नसतो.

मग बेल्ट काढून शाफ्ट हाताने फिरवा. खरखर आवाज आला तर घाबरायचं कारण नाही, बेअरिंग बदलायचीच आहेत. पण शाफ्ट वर-खाली ढकलून बघा. ठक् ठक् हालचाल येत असेल तर बेअरिंगखालची शाफ्टची जागा झिजलेली असू शकते. तो खर्च बेअरिंगपेक्षा बराच मोठा असतो, किंमत ठरवताना तो धरा.

तिसरी गोष्ट कटर ब्लॉकचा आकार. खूप जुन्या मशीनला चौकोनी ब्लॉक असतो. त्यात ब्लॉक आणि टेबलाच्या ओठामध्ये मोठी फट राहते, बोट आत ओढलं गेलं तर पूर्ण जातं. असं मशीन घ्यायचंच असेल तर गोल ब्लॉक बनवून घेण्याचा खर्च धरून घ्या. चौकोनी ब्लॉकवर काम करू नका.

गंजाचा मात्र फार विचार करू नका. वरवरचा तपकिरी गंज निघतो. खोल खड्डे पडले असतील तर ते टेबलाच्या मधल्या भागात आहेत की कडेला, एवढं पाहा.

## टप्पा २: आणणं आणि कायमची जागा ठरवणं

१२ इंची रंध्याचं मशीन तीन-चारशे किलोचं सहज असतं, आणि त्याचा भार वरच्या बाजूला असतो. टेम्पोत उभं नेताना चारही बाजूंनी बांधा. उचलताना दोर अंगाखालून घ्या. टेबलाला किंवा शाफ्टला चेन ब्लॉकचा हूक लावला की शाफ्ट वाकतो आणि टेबलाची सरक-घडी (टेबल ज्या उतारावर सरकतं ती जागा) बिघडते. जमिनीवर सरकवायला पाइपचे तुकडे आणि पहार पुरते.

कायमची जागा आताच ठरवा. जमीन उंचसखल असताना बोल्ट आवळले की बिडाचं अंग पिळतं आणि त्यासोबत टेबलंही फिरतात. म्हणून पायाखाली पट्ट्या देऊन मशीन चारही पायांवर सारखं टेकवा, मग बोल्ट लावा. रंध्यासमोर आणि मागे तुमच्या सर्वांत लांब फळीएवढी मोकळी जागा हवी. आठ फुटी फळीसाठी १० बाय १० ची खोली पुरत नाही.

तपासा: बोल्ट सैल असताना प्रत्येक पायाखाली फीलर गेजची पातळ पात घालून पाहा. कुठेही आत जात असेल तर तिथे पत्रा भरा.

## टप्पा ३: खोलण्याआधी नोंद

यावर अर्धा दिवस घालवा. प्रत्येक बाजूने मोबाईलवर फोटो घ्या, विशेषतः वायरिंग, बेल्टचा मार्ग आणि प्रत्येक भाग कोणत्या बाजूने बसला आहे ते. टेबलाखाली पातळ पत्र्याचे तुकडे दिसले तर ते गंजलेले म्हणून फेकू नका. कारखान्यात किंवा आधीच्या मिस्त्रीने ते उंची जुळवायला घातलेले असतात. कोणत्या कोपऱ्यात किती जाडीचे होते ते लिहून पाकिटात ठेवा.

मोटरची आणि ब्लॉकची पुली मोजा, बेल्टवरचा नंबर उतरवा. ए-४२ म्हणजे ए जातीचा, आतून ४२ इंचांचा बेल्ट. दोन-तीन बेल्ट सोबत चालत असतील तर सगळे एकाच वेळी, एकाच मेकचे घ्यावे लागतात, एकटा नवा बेल्ट सगळा भार घेतो.

## टप्पा ४: खोलणं

वीज तोडून, बेल्ट काढून सुरुवात करा. पहिलं काम पाती काढण्याचं. गंजलेल्या पात्यालाही धार असते, आणि उरलेलं सगळं काम हात त्याच भागात घालून करायचं आहे.

मग गाईड, करवतीचं टेबल, मॉर्टाइझचं टेबल, रंध्याची टेबलं आणि शेवटी शाफ्ट. टेबलं उतरवायला दोन माणसं लागतातच.

अडकलेल्या नट-बोल्टला डिझेल किंवा गंज सैल करणारं तेल रात्रभर लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी नटवर हलके ठोके द्या, मग पाना लावा. तरीही हलला नाही तर गॅसच्या ज्योतीने नट गरम करा, पण बेअरिंगजवळ ज्योत नेऊ नका आणि तेल पुसल्याशिवाय पेटवू नका.

सावध: करवतीचा नट उलट्या आट्याचा असू शकतो. चालताना तो सैल होऊ नये म्हणून तसा ठेवलेला असतो. पाना लावून जोर करण्याआधी आटे कोणत्या बाजूला चढतात ते नजरेने पाहा. लांब पाइप लावून चुकीच्या दिशेने फिरवलेले शाफ्टचे आटे परत मिळत नाहीत.

बेअरिंग काढायला पुलर वापरा. हातोड्याने शाफ्टचं टोक ठोकलं की ते फुलतं आणि मग पुली बसत नाही. ठोकणं अटळच असेल तर मध्ये पितळेचा किंवा कडक लाकडाचा तुकडा धरा.

## टप्पा ५: गंज आणि जुना रंग

लहान भागांसाठी सायट्रिक ॲसिड सर्वांत सोयीचं. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात. रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशने घासा, साध्या पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकून धुवा, लगेच पुसून उन्हात किंवा हेअर ड्रायरने कोरडं करा. फार वेळ ठेवलं तर बीड काळवंडतं आणि आम्ल ते खायला लागतं.

टेबलांसाठी डिझेल आणि बारीक वायर ब्रश, मग स्कॉच ब्राइटसारखी खरखरीत पट्टी, मग २२० आणि ४०० नंबरचा पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क लावून टेबल चकचकीत करणारे खूप आहेत. डिस्क जिथे क्षणभर थांबते तिथे खळगा पडतो आणि तो काढायला मग टेबल मशीन शॉपमध्ये न्यावं लागतं. टेबलाच्या कामाच्या पृष्ठावर ग्राइंडर अजिबात नको.

बाथरूमचं ॲसिड वापरू नका. गंज निघतो, पण त्याच्या वाफेने खोलीतलं बाकीचं सगळं लोखंड गंजतं, तुमच्या पटाश्यासुद्धा.

जुन्या रंगाबद्दल वेगळी काळजी हवी. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमवर आणणारा नियम भारतात २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं असं धरूनच चाला. कोरडा घासायचा नाही. रंग काढायचं रसायन लावून खरवडा किंवा ओला पेपर वापरा, मास्क लावा, खरवडलेला रंग पिशवीत भरा. घरात लहान मूल असेल तर हे काम घरात नकोच.

उघडं पडलेलं बीड ठाण्याच्या किंवा वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठच्या हवेत संध्याकाळपर्यंत पुन्हा पिवळं पडतं. म्हणून जो भाग साफ झाला त्याला त्याच दिवशी रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमरचा एक हात द्या. टेबलाचे पृष्ठ, सरकणाऱ्या जागा, बेअरिंगची घरं आणि शाफ्ट यांना प्रायमर लावू नका, तेल लावा. वरचा रंग आता नाही, सगळ्यांत शेवटी.

## टप्पा ६: शाफ्ट आणि बेअरिंग

या टप्प्यावर वेळ आणि पैसे दोन्ही खर्च करा.

जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचा. ६२०५ म्हणजे आतून २५, बाहेरून ५२ आणि जाडी १५ मिमी, ६२०६ म्हणजे ३० × ६२ × १६. नंबर पुसला गेला असेल तर व्हर्नियरने ही तीन मापं घ्या, नंबर निघतोच. भुसा उडत असल्यामुळे दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, म्हणजे २आरएस बेअरिंग घ्या. मुंबईत मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर सगळे नंबर मिळतात, पण नामांकित कंपनीच्या खोक्यात बनावट मालही विकला जातो. अधिकृत विक्रेत्याकडून बिलावर घ्या. निम्म्या किमतीत तेच नाव मिळत असेल तर ते बेअरिंग या शाफ्टवर चढवू नका.

नवीन बेअरिंग चढवण्याआधी शाफ्ट मायक्रोमीटरने मोजा. ६२०६ साठी बेअरिंगखाली शाफ्ट ३०.०० मिमी किंवा त्याहून अगदी किंचित जास्त हवा. २९.९८ भरला तर बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर घसरणार, तापणार आणि शाफ्ट आणखी झिजवणार. तीन-चार ठिकाणी मोजा, झीज बहुधा एका बाजूला जास्त असते.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक: सैल शाफ्टवर सेंटर पंचने ठिपके मारून बेअरिंग घट्ट करणं. ठिपक्यांची टोकं आठवड्याभरात चेपतात आणि बेअरिंग पुन्हा सैल होतं, तेही तिरकं. शाफ्टची झिजलेली जागा भरून घेऊन ग्राइंडिंग करून घ्या, किंवा हार्ड क्रोम करून मापाला आणा. वागळे इस्टेट, महापे आणि पावणे एमआयडीसीत ही कामं करणारी मशीन शॉप आहेत. शाफ्ट देताना नवीन बेअरिंगही सोबत द्या आणि ‘यात बसेल असं करा’ सांगा. नुसत्या कागदावरच्या मापापेक्षा ते खात्रीचं.

शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजवर फिरवा. बेअरिंगच्या जागेवर आणि करवतीच्या फ्लँजवर काटा ०.०३ मिमीपेक्षा जास्त हलू नये. वाकलेला शाफ्ट स्वतः प्रेसवर सरळ करायला जाऊ नका.

बेअरिंग चढवताना दाब आतल्या रिंगवरच यायला हवा. बाहेरच्या रिंगवर ठोकलं की आतल्या गोळ्यांच्या वाटेवर खुणा पडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. आतल्या रिंगच्या मापाचा पाइपचा तुकडा वापरा. शाफ्ट रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवला तर काम हलकं होतं. सीलवालं बेअरिंग गरम तेलात बुडवू नका, आतलं ग्रीस जातं.

शाफ्ट चालताना तापून किंचित लांब होतो. म्हणून एका टोकाचं बेअरिंग घरात पक्कं अडवलेलं आणि दुसऱ्याला बाजूने थोडी सरकायला जागा, अशी रचना असते. दोन्ही टोकांची झाकणं गच्च आवळली तर अर्ध्या तासात बेअरिंग तापतं. खोलताना काढलेले फोटो इथे कामाला येतात.

काही फार जुन्या मशीनमध्ये बॉल बेअरिंगऐवजी व्हाइट मेटलचे बुश आणि वर तेलाची वाटी असते. त्यात ग्रीस भरू नका, ते तेलावरच चालतात. बुश सुस्थितीत असतील तर बदलायची घाई नको.

तपासा: सगळं बसवल्यावर ब्लॉक हाताने फिरवून सोडा. तो निवांत फिरत थांबला पाहिजे. दर वेळी त्याच जागी येऊन थांबत असेल तर ब्लॉक एका बाजूला जड आहे, तो बॅलन्सिंगला द्या.

## टप्पा ७: टेबलं जुळवणं

मागचं टेबल आधी. पाती अजून लावायची नाहीत. चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज लावून तो मागच्या टेबलावर ठेवा, टोक ब्लॉकच्या गोल अंगावर टेकवा आणि स्टँड पुढे-मागे सरकवून सर्वांत उंच आकडा बघा. हे ब्लॉकच्या डाव्या टोकाला आणि उजव्या टोकाला करा. दोन आकड्यांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. फरक आला तर जिथे टेबल खाली आहे त्या बाजूच्या सरक-घडीखाली शिम पत्रा घाला. पितळी किंवा पोलादी शिमच घ्या, कागद किंवा डब्याचा पत्रा दबतो.

शिम घालण्याआधी सरक-घडीच्या बाजूची पट्टी आवळून पाहा. टेबल उतारावर सरकतं, त्याला बाजूने धरणारी पट्टी आणि तिचे ग्रब स्क्रू वर्षानुवर्षं कोणी आवळलेले नसतात. निम्म्या वेळा टेबल झुकल्याचं कारण एवढंच असतं.

मग पुढचं टेबल. ते मागच्याच्या उंचीला आणा आणि दोन्हींवर आडवी सरळ पट्टी ठेवा. पट्टी चांगली हवी, अॅल्युमिनियमचा खिडकीचा सेक्शन चालत नाही. पट्टीखाली टॉर्चचा उजेड टाकून फीलर गेज घाला. टोकाला ०.१ मिमीची पात जाऊ नये. डावीकडे, मध्ये, उजवीकडे आणि दोन्ही कर्णांवर बघा.

टेबलं टोकांना खाली झुकलेली असतील तर फळीचा काठ मध्ये पोकळ निघतो, टोकांना वर उचललेली असतील तर मध्ये फुगीर. दोन फळ्यांचे काठ एकमेकांवर ठेवून उजेडात धरले की कोणता दोष आहे ते लगेच दिसतं.

सावध: टेबल मशीन शॉपमध्ये पुन्हा रंधून घ्यायचा मोह आवरा. टेबलाचं पृष्ठ आधी सरळ पट्टीने स्वतंत्र तपासा. ते सरळ असेल आणि फक्त झुकलं असेल तर काम शिमचं आहे. रंधताना क्लॅम्पमध्ये पिळून धरलेलं टेबल सोडल्यावर पुन्हा वाकडं होतं.

## टप्पा ८: पाती लावणं

जुनी पाती वापरणार असाल तर सगळी एकत्र धार लावायला द्या. धार लागल्यावर प्रत्येकाचं वजन करा, सारखं हवं. वजनातला फरक चार हजार आरपीएमवर थरथर बनून शाफ्टवर येतो. पात्यांसोबत दाबपट्ट्या आणि बोल्टही तपासा. बोल्टचे आटे झिजले असतील किंवा डोकी गोल झाली असतील तर सगळे एकदम नवीन, हाय टेन्साइल ग्रेडचे. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे कधीही नाही.

ब्लॉकमधल्या खाचा भुसा आणि डिंकापासून पूर्ण साफ करा. दाबपट्टीखाली भुशाचा एक कण राहिला तरी पातं नीट धरलं जात नाही. पातं ब्लॉकच्या अंगाबाहेर १ ते १.५ मिमी ठेवा, त्याहून जास्त नाही.

उंची जुळवायला महागडं साधन लागत नाही. सागाची फूटभर लांब, अगदी सरळ पट्टी घ्या. मागच्या टेबलावर ठेवून तिचं टोक ब्लॉकवर येऊ द्या आणि टेबलाच्या ओठाशी पेन्सिलने खूण करा. ब्लॉक हाताने, चालतो त्या दिशेने फिरवा. पातं पट्टीला उचलून पुढच्या टेबलाकडे थोडं सरकवेल. सरकणं साधारण एक सूत, म्हणजे तीन मिमी हवं. प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये हेच अंतर येईपर्यंत जुळवत राहा. यात दुपार जाते, आणि ती जाऊ द्यावी.

बोल्ट तीन फेऱ्यांत आवळा: पहिल्या फेरीत सगळे हलके, दुसऱ्या फेरीत निम्मे, तिसऱ्या फेरीत पक्के. पान्याला पाइप लावू नका. आवळल्यावर पातं वर सरकतं, म्हणून पट्टीची चाचणी पुन्हा घ्या.

तपासा: फळीच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत जास्त खोल कापलं जात असेल तर मागचं टेबल खाली आहे. फळी मागच्या टेबलाच्या ओठावर अडत असेल किंवा काप हळूहळू नाहीसा होत असेल तर ते वर आहे.

## टप्पा ९: करवत आणि मॉर्टाइझ

टेबल करवतीच्या पात्याला काटकोनात आहे का ते गुण्या लावून बघा, गुण्या दातांना नाही तर पात्याच्या सपाट अंगाला टेकवा. मग एका दाताला खूण करून तो पुढे असताना गाईडपासूनचं अंतर मोजा, पातं फिरवून तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजा. मागचं अंतर पुढच्याइतकं किंवा ०.१ मिमी जास्त चालेल, कमी कधीच नको. मागे गाईड आवळत गेली की लाकूड पात्यात अडकतं आणि तुमच्याच पोटाकडे परत येतं.

बहुतेक जुन्या मशीनवर करवतीमागचा फाळ (कापलेलं लाकूड मिटून पात्याला आवळू नये म्हणून पात्यामागे उभा असणारा पत्रा) नसतो, कोणीतरी काढून टाकलेला असतो. तो बनवून घ्या. पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड, कापाच्या रुंदीपेक्षा पातळ, दातांपासून ८ मिमीच्या आत. फाळाशिवाय उभा काप घेऊ नका.

करवत आणि ब्लॉक एकाच शाफ्टवर असतील तर रंधताना करवतीचं पातं काढून ठेवा किंवा पूर्ण झाका. मॉर्टाइझच्या बाजूला चकची चावी लावून ठेवायची सवय असेल तर ती आज मोडा. तिथलं सरकतं टेबल साफ करून तेल दिलं आणि ड्रिल शाफ्टच्या रेषेत आहे ना एवढं पाहिलं की काम झालं.

## टप्पा १०: वेग आणि वीज

आधी वेगाचा हिशोब. चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर सुमारे १४४० आरपीएम फिरते. मोटरची पुली ८ इंच, ब्लॉकची अडीच इंच असेल तर १४४० × ८ ÷ २.५ म्हणजे ४६०८. चार इंची ब्लॉकला हे ठीक आहे. दोन पोलची, २८८० ची मोटर मिळाली म्हणून तीच पुली ठेवून बसवली तर ब्लॉक नऊ हजारांच्या वर जाईल. हे जीवघेणं आहे. मोटर बदलली की पुली बदलायचीच. करवतीच्या पात्यावर छापलेला कमाल आरपीएम याच हिशोबाशी ताडून पाहा.

गाळ्यात थ्री फेज असेल तर प्रश्न नाही. घरी सिंगल फेज असेल तर दोन मार्ग. एक, सिंगल फेजची मोटर. ३ एचपीला चालू भारात साधारण १५ अँपिअर लागतात आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट, म्हणून महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार आधी बघा. दुसरा, सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी. मला हा जास्त पसंत आहे, कारण मोटर झटका न देता सुरू होते. मात्र तो २३० व्होल्टच देतो. मोटरच्या प्लेटवर २३०/४१५ लिहिलेलं असेल तर पेटीतल्या पट्ट्या स्टारमधून डेल्टात बदलून ती चालते. ४१५ व्होल्ट डेल्टा अशी मोटर त्यावर पूर्ण ताकद देणार नाही. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये वेगळा स्विच लावू नका.

बंद गाळ्यात पडलेल्या मोटरने ओल धरलेली असते. जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध मोजून घ्या, तोही स्टार्टर आणि व्हीएफडीपासून सुटी करून. एक मेगाओहमपेक्षा कमी आला तर मोटर उघडून सुकवा आणि पुन्हा मोजा. वीज गेल्यावर आपोआप सुटणारा स्टार्टर हवाच. साधा स्विच लावला तर लाइट परत आल्याबरोबर मशीन तुमच्या हाताखाली सुरू होतं. स्टार्टरमधला ओव्हरलोड मोटरच्या प्लेटवर लिहिलेल्या अँपिअरवर लावा. अर्थिंगची वायर बिडाच्या अंगाला लावताना त्या जागेचा रंग खरवडा. हे जोडकाम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या.

तपासा: दिशा बघताना बेल्ट काढलेला असावा. मोटर क्षणभर सुरू करून बंद करा. उलटी फिरत असेल तर थ्री फेजच्या कोणत्याही दोन वायर बदला. बेल्टसह उलटी फिरली तर करवतीचा नट सुटून येतो.

## टप्पा ११: पहिली फेरी, मग रंग

मशीनवर एकही पाना राहिलेला नाही ना ते पाहा. ब्लॉक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. मग पात्यांच्या रेषेतून बाजूला उभं राहून सुरू करा, दहा सेकंदांत बंद करा. बोल्ट पुन्हा तपासा. मग पाच मिनिटं, मग अर्धा तास रिकामं. बेअरिंगच्या घरावर हात ठेवता आला पाहिजे. हात ठेवणं अशक्य होत असेल तर झाकणं जास्त आवळली आहेत किंवा बेल्ट फार ताणला आहे. बेल्टच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर फूटभर अंतराला साधारण दीड सूत दबला म्हणजे ताण बरोबर.

पहिलं लाकूड सरळ रेषांचं, गाठ आणि खिळा नसलेलं घ्या, साग किंवा पाइन. प्लाय रंध्यावर नको. हातमोजे घालू नका, ढकलायला लाकडी ठोकळा वापरा आणि पात्यावर गार्ड ठेवा.

आठवडाभर काम करून मापं टिकली, की रंग. प्रायमर हलका घासून दोन पातळ हात, गार्ड आणि पुलीच्या झाकणाला पिवळा किंवा नारिंगी. सरकणाऱ्या जागांवर टेप लावा.

## पावसाळ्यासाठी

जून लागण्याआधी टेबलांवर सिलिकॉन नसलेल्या पेस्ट वॅक्सचा हात द्या. सिलिकॉनचा स्प्रे लाकडाला लागतो आणि मग पॉलिश फाटतं. काम संपल्यावर भुसा रोज झाडा, कारण तो हवेतली ओल धरून ठेवतो आणि त्याच्याखाली रात्रीत डाग पडतो. मशीन प्लास्टिकने झाकू नका, आतून घाम धरतो. जुनी सुती चादर बरी.

खंडेनवमीला मशीन पुसायला बंद असतंच. त्याच दिवशी, पूजेच्या आधी, पात्यांच्या बोल्टवर एकदा पाना फिरवा, बेल्टचा ताण बघा आणि सागाची ती पट्टी मागच्या टेबलावर ठेवून दोन्ही टोकांचं सरकणं पुन्हा मोजा. पायाखालच्या पट्ट्या पावसाळ्यात दबल्या असतील तर फरक तिथेच दिसेल. तो दिसला तर शिम काढायला जाऊ नका. आधी पायाचे बोल्ट सैल करून मशीन चारही पायांवर सारखं टेकवा, आणि मग पुन्हा मोजा.